फ्रांकाबाईंच्या गोलाचे जाळे

मी एक जुने जाळे आहे, मित्रांनो. माझा जन्म मासे पकडण्यासाठी झाला. पण बहरीनमधल्या मुहर्रकच्या किनाऱ्यावर खडकात अडकून मी फाटले आणि होडीच्या मालकाने मला वाळूत फेकून दिले. त्याच्याकडे कामाला असलेल्या रत्नागिरीच्या अलीमियाँनी मला उचलून घरी आणले. त्यांची बायको हुस्ना एका इटालियन बाईंच्या घरी काम करी, आणि त्या बाईंना फुटबॉलच्या गोलाला लावायला जाळे हवे होते.

त्या म्हणजे फ्रांकाबाई. नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर, म्हणून १९७८ साली त्या बहरीनला आल्या. त्याआधी इटलीत त्या बायकांच्या संघात पुढच्या फळीत खेळत. गोल करणे हेच त्यांचे काम. गावात लोक त्यांना रस्त्यात थांबवून हात मिळवत, असे त्या हुस्नाला सांगत. इथे त्यांना कुणी ओळखत नव्हते.

अलीमियाँनी बाब अल बहरीन या मोठ्या वेशीमागच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणून मला सांधले आणि बाईंच्या मागच्या अंगणात दोन लोखंडी खांबांना बांधले. पहिला चेंडू आला तेव्हा मी दचकले. तो माशासारखा धडपडला नाही. मला मागे ताणून शांतपणे खाली पडला.

"अच्छा जाल है," बाई हुस्नाकडून उचललेल्या हिंदीत म्हणाल्या. माझे असे कौतुक समुद्रात कुणी केले नव्हते.

रोज उन्हे उतरली की त्या येत. हुस्नाची मुलगी बिल्किस गोलात उभी राही आणि बहुतेक वेळा चेंडू तिच्या बाजूने निघून माझ्याकडे येई.

१९८० च्या उन्हाळ्यात इटलीहून फोन आला. जुन्या संघाला पुढच्या फळीत खेळाडू हवी होती. एक हंगाम खेळशील का, असे ते विचारत होते. बाईंनी लगेच हो म्हटले. नवराही तयार झाला. पण त्यांचा उजवा गुडघा रोज सुजत होता. हे हुस्नाशिवाय कुणाला माहीत नव्हते, कारण बर्फ तीच लावायची.

"मॅडम, डॉक्टर को दिखाओ," ती म्हणे.

"डॉक्टर मना करेगा. किसी को मत बोलो."

निघायला आठवडा उरला होता. बाईंनी पळत येऊन चेंडू मारला. तो माझ्यात आलाही. पण वळताना गुडघा मुरगळला आणि त्या माझ्यावर कोसळल्या. त्यांनी मला दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवले. हुस्ना धावत आली, तरी त्या मला सोडीनात.

इटलीला फोन त्यांनी स्वतःच केला. खिडकी उघडी होती. ती भाषा ना मला कळत होती, ना हुस्नाला. फोन ठेवून बाई तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "खलास."

वर्षभर त्या अंगणात आल्या नाहीत. खाऱ्या वाऱ्याने माझ्या गाठी कडक झाल्या. बिल्किस एकटीच चेंडू मारत राही. एके संध्याकाळी खिडकीवर टकटक झाली. "लेफ्ट फूट," आतून बाई म्हणाल्या, आणि काठी टेकत बाहेर आल्या. पुढची दोन-तीन वर्षे त्या खुर्चीत बसून तिला शिकवत. तिने चेंडू मारला की त्यांचाही पाय खुर्चीखाली जरासा हले.

मग गोदीतला करार संपला आणि बाई गेल्या. मी न्यावे अशी वस्तू नव्हते. बिल्किसला शाळेसाठी रत्नागिरीला धाडले. तिथे मुलींना खेळायला संघच नाही, असे हुस्ना अलीमियाँना सांगत होती.

त्या घरात पुण्याच्या अरुणाताई आल्या. हुस्ना त्यांच्याकडे राहिली. ताईंनी माझ्यावर कारल्याचा वेल चढवला. एकदा कारली काढताना त्यांनी विचारले, "हे जाळं कुणी लावलं गं?"

"आधीच्या मॅडमनी. फुटबॉल खेळायच्या."

ताई हसल्या. "बाईमाणूस आणि फुटबॉल? नवरा खेळत असेल."

हुस्नाने टोपली खाली ठेवली. "नाही ताई. मॅडमच खेळायच्या. मी बघितलंय."

मित्रांनो, उन्हाने माझे धागे आता सुटत चालले आहेत. वेल वाळला की मलाही काढून टाकतील. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण तुमच्या ओळखीत खेळ सुटलेली एखादी बाई असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. तुम्ही कशा खेळायचात, असे तिला विचारा. आणि ती सांगू लागली की हसू नका.