टबातलं लिव्हर

आमच्या ज्येष्ठ निवासाच्या हॉलमध्ये सकाळी दहालाच रांग लागली होती. चार प्लास्टिकचे टब, चार खुर्च्या, प्रत्येक टबात वायर जोडलेली एकेक डबी. कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, वर टॉवेल पांघरायचा, की अर्ध्या तासात पाणी तपकिरी. शरीरातलं विष म्हणे तळपायांतून बाहेर पडतं.

"हा काळा थर लिव्हरमधला," दोन आठवड्यांपासून रोज टब घेऊन येणारे शुद्धीगुरू सांगत होते. "पिवळा फेस गुडघ्यांतला. आणि हा तांबूस गाळ दिसतोय ना, तो तुमच्या गोळ्यांचा."

निवृत्त बँक मॅनेजर शेजारच्या टबात डोकावून म्हणाले, "माझं तुमच्यापेक्षा काळं आहे." हयातभर लोकांच्या सह्या तपासल्या, आणि आता स्वतःच्या घाणीचा अभिमान. अशा माणसांची मला कीव येत नाही, चीड येते.

मी तीस वर्षं प्रयोगशाळेत गंजावर संशोधन केलं. इथे माझ्या पाठीमागे मला गंजबाई म्हणतात, कारण जिन्याचा कठडा दिसला की मी तो खरवडून बघते. हा तमाशा मी हसण्यावारी नेला असता. पण माझ्याच खोलीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीने गुरूंचं ऐकून आठ दिवस बीपीच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. त्या सकाळी नर्सने मोजलं तर वरचा आकडा एकशे नव्वद.

"परत गोळ्या घेतल्या तर पाणी पुन्हा लाल होईल," धाकटी म्हणाली. "तुला नाही कळायचं ताई. तुला सगळीकडे गंजच दिसतो."

या वेळी तिचं अगदी बरोबर होतं.

मी खुर्चीत जाऊन बसले आणि टॉवेल स्वतःच गुडघ्यांवरून टबाच्या पलीकडच्या कडेपर्यंत ओढून घेतला. गुरूंनी टॉवेलच्या कडेखालून पाण्यात मूठभर मीठ टाकलं, बटण दाबलं आणि प्रवचनाला लागले. अर्ध्या तासाने माझ्या टबाकडे वळले आणि टॉवेलची कड उचलून तपकिरी पाणी पाहिलं.

"अरेरे, बाईंचं लिव्हर फारच खराब. संशय साठलाय. बारा वेळा बसावं लागेल."

मी टॉवेल काढला. माझे पाय टबाबाहेर फरशीवर होते, मोज्यांसकट, कोरडे.

"काहींचं विष नुसत्या सान्निध्याने उतरतं," गुरू म्हणाले, आणि मॅनेजरांनी चक्क मान डोलावली.

मग मी प्लग काढला, डबी उघडली आणि आतली लोखंडी पट्टी मॅनेजरांच्या हातात दिली. पट्टी कुरतडल्यासारखी झाली होती. त्यांची बोटं तांबडी झाली.

"मिठाच्या पाण्यात लोखंडातून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. मीठ जास्त, तर रंग गडद; कमी, तर फिका. तुमचं लिव्हर यात कुठेच नाही."

गुरू वायरी गुंडाळू लागले. धाकटी जवळ आली. "पण मला खरंच बरं वाटत होतं गं."

"वाटणारच. पाणी कोमट होतं, शेजारी चार माणसं होती, कुणीतरी रोज तुझी विचारपूस करत होतं. ती मी करायला हवी होती. उद्यापासून आपण दोघी पाय सोडून बसू. पण गोळी घे."

तिने तोंड वाकडं करून गोळी गिळली.

तुम्हालाही एवढंच सांगते. कुणी तुमच्या शरीरातून विष काढून दाखवलं, तर तोच चमत्कार तुमचं शरीर वगळून करायला सांगा. तरीही विष निघालं, तर ते तुमचं नव्हतं.