उजव्या बाजूने बोललेलं

ठकीच्या उजव्या गालामागे, कान असायला हवा तिथे, शेंगदाण्याएवढा मऊ उंचवटा होता. त्याला छिद्र नव्हतं. थंडीत डाव्या कानाच्या पाळीआधी तो लाल व्हायचा. हे तिच्या आईशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ठकी नऊ वर्षांची झाली तरी शस्त्रक्रियेचं ठरत नव्हतं. कानाचे डॉक्टर म्हणायचे, आधी कान घडवणाऱ्या प्लास्टिक सर्जन बाईंना विचारा. त्या म्हणायच्या, आधी भूलतज्ज्ञांना दाखवा. बाबा या हेलपाट्यांनी वैतागायचे. आईला मात्र मनातून बरंच वाटायचं. एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत वर्ष सरायचं आणि पोर सुखरूप घरी असायची.

आज पळवाट नव्हती. रुग्णालयाने सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं होतं. बाईंनी बरगडीच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून, कान कसा कोरतात ते सांगितलं. डोक्याच्या हाडात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राची जागा कानाच्या डॉक्टरांनी बाईंनाच विचारून ठरवली, म्हणजे नव्या कानासाठी लागणाऱ्या कातडीवर आधीच व्रण नको.

मग भूलतज्ज्ञ उठले. "आ कर बघू." बॅटरीच्या उजेडात ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"या बाजूचा जबडा जरा लहान आहे," ते म्हणाले. "भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड जाईल."

बाईंनी विचारलं, "ठकी, तुला काही विचारायचंय?"

"हिला विचारूच नका," बाबा उसनं हसत म्हणाले. "माणसं एका कानाने ऐकतात नि दुसऱ्याने सोडून देतात. हिला सोडायची सोयच नाही!"

ठकी हसली नाही. "मी ऑपरेशनच्या टेबलावरच राहिले तर आईचं काय होणार?"

"असलं अभद्र कोण बोललं तुझ्याशी?" बाबांनी विचारलं.

"माझ्याशी नाही. आई फोनवर मावशीला म्हणाली. माझ्या उजवीकडे बसून."

घरात रीतच होती तशी. ठकीला कळू नये असं काही असलं की तिच्या उजवीकडे सरकून हळू बोलायचं. डावा कान तिथेच, डोक्याच्या पलीकडे, टक्क जागा असतो, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस गं?" आईने विचारलं.

"तू हळू बोलत होतीस. म्हणजे मी ऐकायचं नव्हतं ना."

भूलतज्ज्ञ खुर्ची ओढून ठकीसमोर बसले. "अवघड आहे हे आधी कळलं, म्हणून तयारी करता येते. मी कॅमेरा लावून नळी घालीन, सोबत आणखी एक भूलतज्ज्ञ असतील. धोका अगदीच नाही असं नाही. थोडा आहे."

"आणि नाहीच केलं तर?" आईने घाईने विचारलं.

"तर काही बिघडत नाही," कानाचे डॉक्टर म्हणाले. " यंत्र डोक्याच्या पट्ट्यावरही बसतं."

"मला हवाय कान," ठकी म्हणाली. "चष्मा सारखा घसरतो. पण आई घाबरते."

सगळे आईकडे बघू लागले. आता कुणाला विचारून या म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. भीती होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती.

"करूया," ती मोठ्याने म्हणाली. "येत्या सुट्टीत करूया."