मुदतीबाहेरचा धर्मादा

एक. फेरआकारणीची नोटीस कायद्याने घातलेली मुदत उलटल्यावर निघाली, सबब रद्द.

दोन. ज्याच्यावर दंड बसवायचा तो इसम मयत आहे. दंड वारसांवर बसत नाही.

तीन.

तीन नव्हतंच. भालचंद्र वकिलांनी हुकूम मराठीत सांगून घडी घातली, तरी मनकर्णाबाई बुलढाण्याच्या डाकबंगल्याच्या ओसरीत तशाच उभ्या.

“जिंकलो आपण, बाई.”

“मंग त्याईनं धर्मादा खाल्ला नाही, हे कुठी लिवलं?”

“ते लिहायची गरजच पडली नाही.”

“मले पडली न.”

त्यांच्या नवऱ्याची मेहकरच्या कापूस बाजारात अडत होती. कापसाच्या प्रत्येक गाडीमागे धर्मादा कापायची तिथली रीत. बाकीचे अडते तो वहीत धरत. हे गाडग्यात टाकत. देवाचा पैसा आपल्या जमेत लिहिणं त्यांना पाप वाटे. त्या गाडग्यावर बाजारातली पाणपोई चाले. आयकराच्या साहेबांना गाडग्याचा पत्ता लागला आणि कागदावर शब्द आले: लपवलेली मिळकत.

बाजारात त्याचं झालं: धर्मादा खाल्ला.

गाडीवाले पाणपोईवर थांबेनासे झाले. मग घरात हे जेवेनासे झाले. चैत्रात गेले.

कायद्याप्रमाणे गोष्ट इथे संपते.

बाई पुन्हा आत गेल्या, मागोमाग वकील. अपील ऐकायला आलेले साहेब कोट चढवत होते.

“साहेब, ते मुदतीचं राहू द्या. मी हरकत घेत नाही. पाणपोईच्या पानक्याले बोलवा, बाजारातल्याईले इचारा. खोट निघाली त दंड माह्यावर बसवा.”

“तुम्ही हो म्हटलं तरी मला अधिकार येत नाही, बाई. मुदत गेली की माझे हात बांधलेले. त्यांना दोषी म्हणता येत नाही, निर्दोषही म्हणता येत नाही.”

“नोटीस काढतानी मोकये होते ते हात?”

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी छत्री उचलली.

मेहकरच्या मोटारीत जानेफळचा कडूबा भेटला. वर्षानुवर्षं यांच्याच अडतीत कापूस आणणारा.

“सुटल्या म्हने, वैनी?”

“हाव.”

“वकील जबर लावला बाप्पा! खाल्लेलं पचवून देते असा वकील. आमाले कुठचा भेटते?”

मोटार हसली. कडूबाही हसला. वाईट मनात ठेवून नाही. बाजारात सगळेच बोलत तसं बोलला.

मनकर्णाबाई उठल्या. एका हाताने दांडी धरली.

“इंद्रभान अडत्यानं धर्मादा खाल्ला नाही.”

 मागच्या बाकावरच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला.

“अवं माय! मालकाचं नाव घेतलं व तिनं!”

“काय म्हनता?”

“हाव न. सारं नाव. मोठ्यानं.”

चिखली येईपर्यंत मोटारीत तेवढंच चाललं होतं. नावापुढचं कोणी ऐकलंच नव्हतं.