फक्त हातवाल्यांसाठी

मी गिअरबॉक्स बोलतोय. तोही अख्खा नाही. आतली चाकं दिसावीत म्हणून माझी एक कूस कापलेली आहे. उमेदीची वर्षं ट्रकखाली काढली, मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या या प्रयोगशाळेत आलो. म्हटलं, चला, पोरं तरी शिकतील.

शिकलीही. सर बोलायचे, फळ्यावर आकृती निघायची, पोरं मला खोलायची. सगळं एकदमच चालायचं. बाळा, तू डोळ्यांनी शिकतोस की कानांनी, असं कुणी विचारलं नाही.

यंदा नव्या सरांनी विचारलं. कोण कसं शिकतं याची पाहणी म्हणून प्रश्नावली वाटली आणि उत्तरांवरून गट पाडले: डोळेवाले, कानवाले, हातवाले. माझ्या गळ्यात पाटी आली, 'फक्त हातवाल्यांसाठी'. त्यांना म्हणे तोंडी समजावायचं नाही, त्यांचा तो पिंडच नाही. मग एकाने उलटं घातलेलं चाक हातोडीने ठोकून बसवलं. माझा दात पडला. संताप येणार नाही तर काय?

कानवाल्यांत एक तरुण आई आहे. मूल झाल्यावर परत शिकायला आली, म्हणून सगळ्यांची वहिनी. परीक्षेत मला खोलून जोडायचंय हे कळल्यावर ती माझ्याजवळ आली.

"वहिनी, कान लावून बघा, काही सांगतोय का," एक हातवाला म्हणाला.

"अहो, तुमचा गट तिकडे," सर म्हणाले. "ऐकून समजतं, असं तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलं खरं. घरी एका हातात बाळ, दुसऱ्यात त्याची बाटली. डोळे, तो काय तोंडात घालतोय त्यावर. उरले कान. माझंच चुकलं असेल, सर. पण इथे दोन्ही हात मोकळे आहेत."

"आता गट बदलला तर पाहणीचे आकडे बिघडतील."

आकडे बिघडतील! बाईचं बिघडलं तर चालेल.

काल परीक्षा झाली. तोंडी उत्तरं तिने घडाघडा दिली. पण चाक अडवून धरणारी माझी पहिली कडी काढतानाच बोटं चाचपडली आणि वेळ संपली. सरांनी शेरा मारला: 'हाताने शिकण्याचा कल नाही.'

कल! कधी हात लावू दिलात तिला?

आता तिला फेरपरीक्षा द्यायची आहे. आजही बाळाला सासूबाईंकडे सोपवून ती सगळ्यांआधी आली आणि कानवाल्यांना दिलेलं सरांचं रेकॉर्डिंग कानात लावून शेजारच्या बाकावर बसली आहे. माझ्याकडे बघते, पाटीकडे बघते, हात मांडीवर ठेवते. काढा हो ती पाटी, सर. हातभर अंतरावर बसली आहे ती.