शौचालयाच्या रांगेतला चमत्कार

एकोणतीस वर्षं मी आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या खेड्यापाड्यांत नर्स म्हणून फिरते आहे, पण लघवीच्या रांगेत टाळ्या वाजताना मी त्या शुक्रवारी पहिल्यांदा ऐकल्या.

चर्चच्या हॉलमागे शौचालयं दोन आणि म्हातारी माणसं चाळीस. रांग दाराबाहेर पार सायकली लावायच्या जागेपर्यंत गेलेली. जो आतून बाहेर येई त्याचा चेहरा उजळलेला, आणि बाकीचे टाळ्या वाजवत. "निघालं का?" "अहो, नदीच!" ज्या बायकांनी उभ्या जन्मात हा विषय चारचौघांत काढला नव्हता, त्या हातवारे करून एकमेकींना मापं सांगत होत्या.

ही सगळी किमया अल्टन स्कॅलनची. तो सातव्या मुलाचा सातवा मुलगा. आमच्याकडे अशा माणसाच्या हाताला गुण असतो असं मानतात. सातवा होण्यात त्याचं कर्तृत्व काय, ते त्याच्या आईला विचारा. परसातल्या विहिरीचं पाणी पाजून तो सुजलेले पाय उतरवायचा, आणि पुरावा म्हणून त्यानं मंचावर वजनकाटाच ठेवला होता.

"मी काही करत नाही, मी फक्त पेला धरतो," तो डोळे मिटून म्हणायचा. "पाणी पाण्याला ओळखतं. माझं पाणी आत जातं आणि साचलेल्या पाण्याला हाक मारतं, चल रे, घरी चल! बारा वाजता काटा बघा, तीन वाजता बघा."

तीन वाजता मॅलकी टिअर्नन काट्यावर चढला. हा माझा पेशंट. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म दुधाच्या डेअरीत गेलेला, आता हृदय थकलेलं. वजन सव्वा किलोनं कमी भरलं. त्याची बहीण अट्रॅक्टा तिथंच रडायला लागली.

गावातून या म्हाताऱ्यांना घेऊन येणाऱ्या बसबरोबर मी सोबत म्हणून गेले होते. आठवडाभर गाडी हाकून जीव शिणला होता. चहाचा कप धरून कोपऱ्यात बसले आणि मनात म्हटलं, पाणीच तर आहे, पिईनात का! तो आळस मॅलकीला फार महागात पडला.

दहा दिवसांनी त्याच्या घरी गेले, तर तो शेगडीपाशी खुर्चीत बसलेला. पायांत चपला शिरत नव्हत्या. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. घरच्या काट्यावर पाच किलो जास्त.

"रात्री झोपता कुठं?" मी विचारलं.

"इथंच. आडवं झालं की... दम... कोंडतो." एका वाक्याला त्याला तीन श्वास लागले.

"पाण्याची गोळी, लघवी साफ व्हायची, घेताय ना?"

त्यानं टेबलाच्या खणाकडे हात केला. पाकीट जसंच्या तसं. शेजारी अल्टनच्या विहिरीच्या पाण्याच्या चार बाटल्या, त्यातल्या तीन रिकाम्या. म्हणजे गोळी बंद, वर रोज पोटात जादा पाणी. मी बाहेरच्या खोलीत जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ॲम्ब्युलन्स पाठवतो, आत्ताच्या आत्ता.

मॅलकी ऐकेना. "मी नाही जायचा. पाण्याला वेळ... लागतो, म्हणालाय... अल्टन. आणि तू, डर्व्हला नर्स... तिथं होतीस ना? सव्वा किलो! तुझ्या डोळ्यांदेखत!"

सव्वा किलो खरंच उतरलं होतं. तेवढ्यात अट्रॅक्टा म्हणाली, "येत्या शुक्रवारी परत बस आहे की. तेव्हा जाऊन उतरवून येईल. नाहीतरी बसच्या दिवशी सकाळची गोळी आम्ही कुणीच घेत नाही."

"का घेत नाही?"

"अगं, तूच सांगितलंस! दीड तास बस कुठं थांबत नाही. बाहेर जायचं असेल तर गोळी पोचल्यावर घ्या, म्हणालीस."

म्हणाले होते. शंभर जणांना म्हणाले असेन. योग्यच सल्ला आहे तो. नाहीतर माणसं गोळी बुडवतात, नाहीतर भर बसमध्ये लाजेनं मरतात.

"मग त्या दिवशी कधी घेतलीत?"

"हॉलमध्ये. सगळ्यांनीच. अल्टनच म्हणाला, तुमच्या त्या गोळ्या माझ्या पाण्याबरोबर घ्या, आणि ही शेवटची समजा."

फांदी गोळीनं मोडली होती आणि कौतुक कावळ्याचं चाललं होतं. माझ्याच सल्ल्यानं चाळीस माणसं सकाळी न घेतलेली गोळी घेऊन त्याच्या दारात पोचली, आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

ॲम्ब्युलन्सला वीस मिनिटं होती. मी बसचा ड्रायव्हर फर्गल याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"फर्गल, त्या शुक्रवारी अल्टनचं पाणी प्यालास?"

"तीन पेले. घसा सुकला होता."

"आणि रांगेत किती वेळा उभा राहिलास?"

"मी कशाला? मला काय झालंय? घरी पोचल्यावर एकदाच गेलो."

"तू पाण्याची गोळी घेतोस?"

"बाई, मी बेचाळीस वर्षांचा आहे!"

मी मॅलकीपुढे बसले. "ऐका. तुमचं हृदय दमलंय. रक्त जोरानं पुढं ढकलवत नाही, म्हणून मीठ-पाणी अंगात साचतं. आधी पायात, मग छातीत. मूत्रपिंड रक्तातलं मीठ गाळून काढतं आणि त्यातलं बरंचसं परत आत घेतं. गोळी एवढंच करते, परत घेऊ देत नाही. मीठ बाहेर चाललं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. तासाभरात सुरू होतं, पाच-सहा तास चालतं. बारा ते तीन. आलं लक्षात?"

तो म्हणाला, "म्हणजे मी... औषध खणात ठेवून... बाटली पीत बसलो." मग अट्रॅक्टाला म्हणाला, "माझा कोट आण."

इस्पितळात नऊ दिवस. शिरेतून इंजेक्शनं, रोज रक्ताची तपासणी, कारण हेच औषध मिठाबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतं आणि ते घसरलं की हृदयाचा ताल चुकतो. मॅलकी वाचला. पण वरच्या मजल्यावरची आपली खोली त्याला पुन्हा गाठता आली नाही. अट्रॅक्टानं त्याचा पलंग खाली आणला. याचा मला राग आहे, अल्टनचा आहे त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मधल्या काळात गावात सगळ्यांना समजावून पाहिलं. निम्म्यांनी मान डोलावली आणि तरी पुढच्या बसला नाव नोंदवलं. मी वाद घातला नाही. आदल्या दिवशी घरोघर फोन केले. जा, खुशाल जा. फक्त गोळी सकाळी उठल्याबरोबर घरीच घ्या, बस थांबेल. फर्गलला तीन पेट्रोलपंप लिहून दिले.

त्या शुक्रवारी बारा वाजता सगळ्यांनी अल्टनचं पाणी भक्तिभावानं घेतलं. एक वाजला. दोन वाजले. शौचालयं रिकामी. म्हातारे पत्ते खेळत बसले. कुणी एखादा जाऊन आला, टाळी कुणी वाजवली नाही. तीन वाजता काटा जिथल्या तिथं. एका बाईचं वजन तर पाव किलोनं वाढलं, दोन सँडविच जास्त झाले होते.

अल्टननं डोळे मिटले. "आज तुमची श्रद्धा कमी पडली."

अट्रॅक्टा उठली. ती खास हे बघायलाच आली होती. "श्रद्धा तेवढीच आहे रे अल्टन. आज बस तीनदा थांबली, एवढंच."

हॉलमध्ये पहिल्यांदा फर्गल हसला.

आता मॅलकी रोज सकाळी लघवी करून, न्याहारीआधी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करतो आणि वहीत लिहितो. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. उलट्या-जुलाब झाले, चक्कर आली, तर पुढची गोळी घेण्याआधी विचारायचं. उठताना सावकाश उठायचं. यात चमत्कार कुठेच नाही, म्हणून टाळ्याही नाहीत.

मी दमले आहे. अल्टन गेला तरी दुसरा कुणी येईल, त्याच्याकडेही पेला असेल. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. कुणी गुण दाखवला तर जरूर बघा, पण त्या दिवशी आपण आणखी काय घेतलं होतं, हे आधी आठवा. आणि कुणीही सांगितलं तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी खणात ठेवू नका.