सातवं पाणी

आमच्या पाखाडीतल्या देवळाच्या घुमटाकडे नीट बघितलं तर मधून एक आडवी रेघ गेलेली दिसते. रेघेखालचा भाग पिवळसर पांढरा आहे, वरचा राखी. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी रंग देतं आणि एका पावसाळ्यात ती रेघ पुन्हा वर येते. चौलला आलेले पाहुणे विचारतात तेव्हा लोक सांगतात की चुना संपला म्हणून वरचं सिमेंटात केलं. चुना संपला नव्हता. हौदात भरपूर शिल्लक होता.

देऊळ किती जुनं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सत्तावन्न सालच्या श्रावणात घुमट पडला. पिंपळाची मुळं कित्येक वर्षं आत शिरत होती. तळाचं कडं तेवढं उभं राहिलं. देवाला पडवीत हलवलं आणि पंचांची बैठक बसली. मुख्य पंच हरेश्वरभाऊ सिमेंटच्या बाजूचे होते. माझे वडील, येसाजी, बैठकीत कधी बोलत नसत, पण त्या दिवशी उभे राहिले. म्हणाले, "खालचं चुन्यात हाय. वरचंबी चुन्यातच व्हायला पायजे. दोन्ही एकत्र सुकत न्हाईत, एकत्र श्वास घेत न्हाईत."

हरेश्वरभाऊ हसले. "तुझा चुना म्हणजे सासूचं लोणचं, येसाजी. मुरतंच हाय, मुरतंच हाय."

पण जुनी माणसं बाबांच्या बाजूने होती. ठरलं की घुमट चुन्यात करून बघायचा. तो नीट झाला तर पुढे सभामंडप आणि धर्मशाळाही चुन्यातच. नाहीतर सगळं सिमेंटात. बाबांना तेव्हा साठी उलटून गेली होती. भाऊ मुंबईला गिरणीत लागलेला, आमची चुन्याची भट्टी वर्षातून एकदा-दोनदा पेटायची. हे काम हातात राहिलं तर भट्टी पेटती राहणार होती.

आमच्याकडे शिंपल्यांचा चुना करत. शिंपले समुद्रातले, म्हणजे अंगात मीठ. ते गेलं नाही तर भिंतीला लोणा लागतो. पांढरा कापूस फुटल्यासारखा दिसतो आणि मागे चुन्याचा भुगा होत जातो. म्हणून भाजण्याआधी शिंपले सात वेळा गोड्या पाण्यात धुवायचे. सात म्हणजे सातच. हे काम घरातल्या बाईचं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे होतं. सातवं पाणी झालं, शिंपले वाळले, की ढिगातला एक शिंपला मी बाबांच्या हातात द्यायची आणि ते तो मोडून जिभेवर ठेवायचे. त्यांना मोतीबिंदू होऊ लागला होता. डोळ्यांपेक्षा त्यांचा जिभेवर जास्त भरवसा होता.

घुमटाच्या खालच्या फेऱ्यांपुरता, म्हणजे विटांच्या गोल थरांपुरता, चुना आमच्याकडे मुरलेला होता. वरच्या फेऱ्यांसाठी अठ्ठावन्नच्या मे महिन्यात शिंपले धुवायचे होते. त्या वर्षी उन्हाळा असा की पोखरणीचं, म्हणजे गावच्या तळ्याचं, पाणी गुडघ्याला आलं. मी पहिली टोपली घेऊन पायऱ्या उतरते तोच समोर हंडा घेऊन पाखाडीतली सखुबाई.

"ए राही, ते सडकं धन पाण्यात घालू नकोस. पितो आम्ही हे."

"काकी, देवळाच्या कामाचे हायत."

"मग देवाच्या डोक्यावर वत. आमच्या हंड्यात नको."

चारचौघी हसल्या. मी टोपली उचलून परत आले. बाबांना सांगितलं असतं तर ते पंचांकडे गेले असते, आणि हरेश्वरभाऊंना तेवढंच निमित्त हवं होतं. मी सांगितलं नाही. ओहोळ खाडीला मिळतो तिथे ओहोटीच्या वेळी गेले. पावसाळ्यात तिथलं पाणी गोडं असतं. मे महिन्यात नसतं, हे मला माहीत होतं. तिथे तीन वेळा धुतले. डोक्यावरून टोपल्या वाहून मान मोडून आली होती. चौथ्या वेळी मी गेलेच नाही.

आणि मग मी जे केलं ते दमणुकीमुळे केलं असं मला म्हणता येणार नाही. मी एक शिंपला निवडला आणि दोन दिवस माठातल्या पाण्यात ठेवला. सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं, मग उन्हात वाळवला. तिसऱ्या दिवशी बाबांनी नेहमीसारखा हात पुढे केला, तेव्हा ढिगात हात घातल्यासारखं करून तोच दिला.

बाबांनी तो मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "गोड हाय," म्हणाले. "आईसारखं काम केलंस."

भट्टी लागली, भाजलेला चुना पाण्यात विरवला, पावसाळाभर हौदात मुरत राहिला. त्या चार महिन्यांत कधीही बोलता आलं असतं. पण बोलले असते तर हौद फेकावा लागला असता, आणि दुसरा चुना त्या वर्षी होणं शक्य नव्हतं. रोज वाटायचं, मुरता मुरता मीठ जाईलही. मीठ कुठे जाणार होतं?

दिवाळीनंतर मुरुडहून शब्बीरमामा आले. ते घुमटाचे गवंडी. बाबांनी आणि त्यांनी तरुणपणी कितीतरी कामं बरोबर केली होती. सोमवारी एसटीने यायचे, गुरुवारी परत. बैल घाणी ओढायचा, दगडी चाकाखाली चुना आणि वाळू दळली जायची, मी गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत राहायची. मामा वरून ओरडायचे, "पोरी, घमेलं पाठव, नायतर तुझ्या बापाला बसवतो विटेच्या जागी."

"त्याचं डोकं बसणार न्हाय त्यात," मी म्हणायची, "चौकोनी न्हाय."

बाबाही हसायचे. असे ते दिवस होते.

मार्गशीर्षात बाबांनी नवा हौद उघडला आणि त्यातल्या थोड्या चुन्याने देवळामागचा कट्टा लिंपला. महिन्याभरात, एका सकाळी, कट्ट्याच्या कडेला पांढरा कापूस दिसला. मी पदराने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी रोज उजाडता फुलं काढायच्या निमित्ताने तिथे जाऊन पुसत असे. बाबांना दिसत नव्हतं. वर मात्र त्याच चुन्यात एकेक फेरी बसत होती. माघ लागला तेव्हा शेवटची वीट बसली आणि घुमट मिटला. आत लाकडी साचा होता. तो एकवीस दिवसांनी काढायचा, आणि महाशिवरात्रीला देव परत आत.

साचा काढायची आमच्याकडे एक रीत होती. चुना करणारा आणि वीट बसवणारा, दोघांनी घुमटाखाली पाटावर बसायचं. मग खालच्या पाचरी ठोकून काढायच्या. काम खोटं असेल तर ते आधी त्यांच्या डोक्यावर.

आदल्या दिवशी दुपारी बाबा अंगणात धोतर धूत होते. उद्यासाठी. मी म्हटलं, दे, मी धुते. "नको," म्हणाले, "हे आपलं आपण धुवायचं असतं." मग थोड्या वेळाने, "खरं म्हणजे तूबी बसायला पायजेस. वर तुझ्या हातचा चुना हाय. पण बायांना बसवत न्हाईत."

मी तिथेच, दोरीजवळ उभी राहून सगळं सांगितलं. सखुबाई, खाडी, तीन पाणी.

बाबा धोतर पिळत राहिले. विचारलं, "मला दिलेला शिंपला?"

"तो माठातल्या पाण्यात धुतला होता."

ओलं धोतर तसंच दगडावर ठेवून ते देवळामागे गेले. कट्ट्याची कड नखाने खरवडली आणि जिभेला लावली. मग शब्बीरमामांना हाक मारली.

मामांनी ऐकून घुमटाकडे वर बघितलं. "येसाजीभाऊ, मी फेरी न् फेरी ठोकून बघितलीय. घट्ट हाय. उद्या पडणार न्हाय, कसम घेऊन सांगतो."

"उद्याचं कोण बोलतो?"

"दहा वर्षांनीबी पडेल असं न्हाय."

"न्हाय पडणार कदाचित," बाबा म्हणाले. "पण पडला तर खाली कोण असेल, शब्बीर? आपण एक दिवस बसणार. लोक रोज बसणार."

मामांनी थापी खाली ठेवली. "मग सांगून टाका. मी हाय बरोबर."

संध्याकाळी पंच जमले. बाबांनी उभं राहून सांगितलं की शिंपले नीट धुतले गेले नाहीत, चुन्यात मीठ राहिलंय, वरच्या फेऱ्या उतरवाव्या लागतील. "चूक माझी," ते म्हणाले.

हरेश्वरभाऊ म्हणाले, "तू तर जिभेवर ठेवून बघतोस ना?"

"जीभ चुकली," बाबा म्हणाले.

बायांच्या घोळक्यात मी होते. सखुबाई माझ्याच शेजारी होती. "म्हातारा झाला बिचारा," ती हळू म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात तसाच राहू दिला. बोलायला हवं होतं. बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे नको. मला नको म्हणाले की मीच तसं समजून घेतलं, हे आज सांगता येत नाही.

फेऱ्या उतरवायला मामांना आठ दिवस लागले. चुना इतका पक्का धरलेला की विटा फुटायच्या, सांधे सुटायचे नाहीत. मी खाली घमेली उचलत होते. एकदा न राहवून म्हटलं, "मामा, हा तर दगड झालाय. कशाला उतरवायचा?"

"आज दगड हाय," ते म्हणाले. छिन्नी न थांबवता म्हणाले. "मीठ घाई करत न्हाय, पोरी."

त्या वर्षी महाशिवरात्रीला देव पडवीतच राहिला. अलिबागेहून सिमेंटच्या गोण्या आल्या, एक कंत्राटदार आला, आणि चैत्रात घुमट पुन्हा मिटला. साचा काढला तेव्हा खाली कुणी बसलं नाही. कंत्राटदाराला ते विचारलंसुद्धा नाही कुणी. बाबा दूर, सुपारीच्या वाडीच्या कुंपणापाशी उभे होते. उरलेला हौद भिंतींना पांढरा रंग द्यायला तरी द्या म्हणून लोक आले, बाबांनी दिला नाही. स्वतः माती टाकून बुजवला. मंडप सिमेंटात झाला, धर्मशाळा सिमेंटात झाली. आमची भट्टी पुन्हा पेटली नाही. शब्बीरमामा दोन-तीन वेळा नुसतेच भेटायला आले. नंतर तेही थांबलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, थळला. बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. मला ते कधी रागाने बोलले नाहीत. मी माहेरी गेले की उंबऱ्यापर्यंत यायचे, पोरांना कडेवर घ्यायचे, डोळ्यांनी अधू झाले तरी माझ्या पावलांवरून मला ओळखायचे. फक्त मी पान वाढलं की आधी आमटीत करंगळी बुडवून जिभेला लावायचे, थोडं थांबायचे, आणि मग जेवायला लागायचे. भावाची बायको वाढायची तेव्हा सरळ घास घ्यायचे.