माझ्या पोटातला जंतू

मित्रांनो, मी एका प्रयोगशाळेतला जुना संगणक आहे. चालू झालो की धाप लागल्यासारखा घरघरतो, म्हणून सगळे मला 'आजोबा' म्हणतात. माझ्या पोटात जंतूंची माहिती असते. खरे जंतू नव्हेत, घाबरू नका!

एका वर्षी लहान मुलांमध्ये एक नवाच ताप पसरला. रुग्णालयात खाटा पुरेनात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे बाई, यांची नातही तिथेच होती. बाई आणि त्यांचे सहकारी दादा यांनी तहानभूक विसरून तापाचा जंतू हुडकला. त्याची सगळी कुंडली माझ्यात उतरली, तेव्हा मी अभिमानाने फुगलो.

पण लगेच वाद पेटला.

"सगळं जगासमोर ठेवू या," दादा म्हणाले. "झाकून ठेवलं तर औषध कोण शोधणार?"

"अहो, कोणत्या बदलाने हा जंतू दुप्पट वेगाने पसरेल, तेही कळलंय आपल्याला. माकडाच्या हाती कोलीत द्यायचं?"

"बाई, तुमची नात आहे तिथे!"

"म्हणून तर काही सुचत नाही मला."

मग बाईच उठल्या. "दादा, दार उघडं ठेवलं म्हणून तिजोरीही उघडी ठेवतो का आपण?"

जंतूची रचना त्यांनी सर्वांसाठी खुली केली; रुग्णांची लक्षणेही, फक्त त्यांची नावे वगळून. जंतूचा वेग वाढवणाऱ्या बदलाचा धोकादायक भाग मात्र कुलपात गेला. हवा असेल त्याने ओळख आणि कारण सांगायचे, खात्री पटली तरच मिळेल.

लवकरच एका 'संशोधकाने' तो भाग मागितला. दादांनी त्याच्या संस्थेत फोन लावला. तिथे असा माणूसच नव्हता! दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "बाई, तुमचंच खरं."

आणि त्याच आठवड्यात एका दूरदेशीच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. आमची खुली माहिती वाचून त्यांनी ताडले होते की, एक जुनेच औषध या जंतूला लागू पडेल. ते खरेच लागू पडले! मुले भराभर बरी झाली. खाटा रिकाम्या झाल्या. बाईंची नात खुदुखुदू हसत घरी गेली.

"दादा, तुमचंही खरं," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला अजून कळलेले नाही.

आता माझ्या जागी नवे, चपळ संगणक आले आहेत. मी कोपऱ्यात असतो, पण ताठ मानेने. मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी शोधाल. ते दोन्ही हातांनी वाटा. फक्त देण्याआधी, घेणारा हात कुणाचा आहे, ते एकदा नीट पाहा.